काळ्या पट्ट्यानंतरची वर्षं

मेलबर्न शहराच्या मध्यापासून उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर क्रेगीबर्न हे उपनगर आहे. विजेची लोकल इथवर २००७ मध्ये पोचली आणि पाहता पाहता माळरानावर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ६५ हजारांवर गेली. भारतीयांत पंजाबी कुटुंबं अधिक, पण मराठी घरंही आहेत, आणि त्यांच्या मुलांचं आठवड्याचं वेळापत्रक पुण्या-ठाण्यातल्या मुलांइतकंच भरगच्च असतं. पोहणं, क्रिकेट, शनिवार-रविवारची मराठी शाळा आणि कराटे. कराटेच्या क्लासला नाव घालताना आई-वडील पहिल्यांदा विचारतात ते ब्लॅक बेल्टला किती वर्षं लागतात, हे. चार-पाच वर्षं असं उत्तर मिळालं की हिशेब पक्का होतो: सातव्या वर्षी घातलं तर बाराव्या वर्षी पट्टा भिंतीवर आणि मूल पुढच्या छंदाला मोकळं. पारंपरिक कराटेचा हिशेब मात्र नेमका तिथून पुढे सुरू होतो, आणि त्यात सर्वांत मोठा आकडा वयाचा असतो. ही वयाची अट जुनाट वाटते, थोडी हास्यास्पदही वाटते. माझ्या मते या विद्येतली तीच सर्वांत शहाणी गोष्ट आहे.

आधी हिशेब पाहू. काळा पट्टा म्हणजे पहिली दान. तिच्यावर दहापर्यंत पायऱ्या. बहुतेक पारंपरिक संघटनांत पुढच्या पायरीची परीक्षा देण्याआधी जेवढ्यावी पायरी, साधारण तेवढी वर्षं थांबावं लागतं. दुसरीसाठी दोन वर्षं, तिसरीसाठी आणखी तीन, चौथीसाठी आणखी चार. प्रत्येक संघटनेचं कोष्टक थोडं वेगळं असतं, पण चढण अशीच. विसाव्या वर्षी पहिली दान मिळवणारा माणूस एकाही परीक्षेत नापास झाला नाही, एक महिनाही वाया घालवला नाही, तरी पाचवीला चौतीस वर्षांचा होतो आणि आठवीला पंचावन्न वर्षांचा. यावर बऱ्याच ठिकाणी किमान वयाची वेगळी अटही असते. नववी साठीच्या आत नाही आणि दहावी सत्तरीच्या आत नाही, असं अनेक संघटना मानतात. थांबण्याची वर्षं असताना वयाची अट वेगळी कशाला, असं वाटेल. पण बाराव्या वर्षी पट्टा बांधणारं मूल नुसत्या वर्षांच्या हिशेबाने बत्तिशीत सहावीला पोचतं. म्हणून दोन कुलपं. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारद झालेल्या मुलीला कुणी गवई म्हणत नाही. आता ही गाणं शिकायला लागेल, असं जाणते म्हणतात. पहिल्या दानची पत तेवढीच आहे.

ही व्यवस्था काही अनादि नाही. तिचा उगम पाहिला तर वय त्यात मुळीच नव्हतं. दान ही पद्धत कराटेची नव्हे, ज्युदोची. आणि ज्युदोनेही ती ‘गो’ या पटावरच्या खेळातून उचलली. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये आपली कोदोकान संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिली दान दिली. त्यांतला शिरो साइगो तेव्हा सतरा वर्षांचा होता, खुद्द कानो तेविशीच्या आसपास. कराटेत ही पद्धत आणली गिचिन फुनाकोशी यांनी. १२ एप्रिल १९२४ रोजी त्यांनी सात जणांना पहिला काळा पट्टा दिला. फुनाकोशी ओकिनावाहून टोकियोला आले होते १९२२ मध्ये. म्हणजे त्या सातांपैकी काहींनी त्यांच्याकडे जेमतेम दोन वर्षं घाम गाळला होता. पट्टा ही पारंगतपणाची पावती कधीच नव्हती, याला याहून चांगला पुरावा नको. या प्रसंगात सर्वांत वडीलधारा माणूस पट्टा देणारा होता. टोकियोत आले तेव्हा फुनाकोशी त्रेपन्न वर्षांचे होते. ओकिनावात शाळामास्तरकी केलेला हा गृहस्थ टोकियोत ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचा, तिथली झाडलोट आणि बागेचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवायचा. १९५७ मध्ये अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते गेले, तोवर आधुनिक कराटे उभं राहिलं होतं. ज्या वयात आपल्याकडे लोक निवृत्तीचे कागद जुळवायला लागतात, त्या वयात त्यांचं खरं काम सुरू झालं. पुढच्या पिढ्यांनी दानच्या शिडीत वय बसवलं, त्याला असे म्हातारे समोर असणं हेही एक कारण असावं.

आता पहिला आक्षेप. वर्षं भरली की पायरी, ही तर कचेरीतली सेवाज्येष्ठतेची बढती झाली. सत्तरीतला आठवी दानवाला पंचविशीतल्या दुसरी दानवाल्यासमोर दोन मिनिटं टिकणार नाही. मग वरचा कोण? आक्षेपातलं तथ्य आधी मान्य करू: नाही टिकणार. वेग विशी-पंचविशीनंतर फार काळ साथ देत नाही, गुडघे बोलू लागतात आणि उंच लाथ पहिली सोडून जाते. पण दान हे मारामारीचं मोजमाप आहे, हे गृहीतच चुकलंय. काय मोजलं जातं, ते एखादा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, जवळून पाहिल्यावर कळतं. मेलबर्नमध्ये जुनी मुळं असलेल्या गोजू पंथाचा ‘सांचिन’ घ्या. दिसायला अगदी साधा: तीन पावलं पुढे, संथ ठोसे, वळणं. पायांचे अंगठे आत वळलेले, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याच्या रेषेत, कंबर किंचित खाली ओढून घेतलेली, कोपरं बरगड्यांपासून मूठभर अंतरावर, खांदे पडलेले. श्वास नाकाने पोटात घ्यायचा आणि ठोसा जितका वेळ चालेल तितका वेळ सोडायचा. शिक्षक मागून येऊन खांद्यांवर, मांड्यांवर थापा मारून पाहतो. एखादा स्नायू झोपला असेल तर तिथेच सापडतो. नवशिका सगळं अंग लाकडासारखं ताठ करतो आणि दुसऱ्या मिनिटाला धापा टाकतो. वीस वर्षांनी तोच काता करताना कुठे ताठ व्हायचं आणि कुठे नाही, हे शरीराला कळलेलं असतं. हे कळणं लवकर उरकता येत नाही. पंचविशीत ताकद एवढी असते की चुकीची ठेवण खपून जाते. ताकद ओसरली की ठेवण उघडी पडते. वय हे इथे शिडीवरचं ओझं नसून परीक्षक आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

आणि खेळ म्हणूनही वयाचं गणित दिसतं तितकं सरळ नाही. कराटे ऑलिंपिकमध्ये एकदाच आलं, टोकियोच्या २०२० च्या स्पर्धांत, ज्या प्रत्यक्षात २०२१ मध्ये झाल्या. महिलांच्या कातामध्ये सुवर्ण जिंकलं स्पेनच्या सांद्रा सांचेझने, जपानच्या कियोउ शिमिझूला जपानमध्येच हरवून. तेव्हा सांद्रा एकोणचाळीस वर्षांची होती. पुरुषांत ओकिनावाचा र्‍यो कियुना जिंकला, तो एकतीसचा. जिम्नॅस्टिक्समध्ये या वयात बहुतेक जण प्रशिक्षक झालेले असतात. अर्थात प्रत्यक्ष झुंजीच्या, म्हणजे कुमितेच्या, प्रकारात तरुणांचंच राज्य असतं, आणि ते तसंच राहणार.

ज्या शहराच्या कडेला क्रेगीबर्न वसलंय, त्या मेलबर्नचंच एक उदाहरण घेऊ. हवाईचे टिनो सेबेरानो १९६६ मध्ये मेलबर्नला आले आणि त्यांनी गोगेन यामागुची यांच्या परंपरेचं गोजू-काय कराटे ऑस्ट्रेलियात रुजवलं. (गायिका केट सेबेरानो ही त्यांची मुलगी, ऑस्ट्रेलियात बरेच लोक बापाला मुलीमुळे ओळखतात.) त्यांच्या हाताखालून गेलेले बॉब जोन्स आणि रिचर्ड नॉर्टन यांनी १९७० मध्ये झेन दो काय ही स्वतःची संघटना काढली. ती पारंपरिक म्हणवत नाही, अनेक कलांचं मिश्रण आहे, तेव्हा कर्मठ लोक नाक मुरडतील. पण नॉर्टन यांचं आयुष्य आपल्या मुद्द्याचं आहे. मेलबर्नमध्ये चित्रित झालेल्या जॅकी चॅनच्या ‘मिस्टर नाइस गाय’मधला खलनायक म्हणून ते अनेकांना माहीत असतील. कराटेत वरच्या पायरीवर असताना, चाळिशीच्या आसपास, त्यांनी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकायला घेतलं आणि त्यातही तळापासून चढत काळ्या पट्ट्यापर्यंत गेले. २०२५ च्या मार्चमध्ये पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचं निधन झालं. इतक्या मोठ्या पायरीवरचा माणूस पुन्हा पांढरा पट्टा बांधून नवशिक्यांत उभा राहतो, तेव्हा पायरीने त्याला गर्विष्ठ केलेलं नसतं एवढं तरी सिद्ध होतं. सगळ्यांचं असं होतं, असा दावा नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: पट्ट्यांचा बाजार झालाय. दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग, दर ग्रेडिंगला फी, दोन रंगांच्या मध्ये आणखी पट्ट्या, आणि न पटल्यास स्वतःची संघटना काढून स्वतःलाच दहावी दान. हे सगळं खरं आहे आणि ते मुंबईत जितकं खरं तितकंच मेलबर्नमध्ये. म्हणून काही जण म्हणतात, पायऱ्याच काढून टाका. गोजू पंथाचे संस्थापक चोजून मियागी यांनी नेमकं तेच केलं होतं. त्यांनी आपल्या शिष्यांना दान दिलीच नाही. १९५३ मध्ये ते गेले आणि शिष्य वेगवेगळ्या वाटांनी गेले. मेइतोकू यागी यांची संस्था वेगळी, एइची मियाझातो यांची वेगळी, आणि पुढे प्रत्येकाकडे पायऱ्या आल्याच. पायऱ्या नसल्याने वारशाचा प्रश्न सुटला नाही, उलट उत्तर द्यायला कोणतंच कोष्टक नव्हतं. बाजार रोखायचा तर पायरी महाग करावी लागते, आणि पैसा हा सर्वांत स्वस्त दर आहे. वर्षं विकत घेता येत नाहीत. ज्या संघटना वयाची आणि थांबण्याची अट काटेकोर पाळतात, तिथे बनावटपणाला जागा कमी उरते. जिथे ‘खास गुणवत्तेसाठी’ अट शिथिल होते, तिथूनच भोक पडतं. मग खरोखरच असामान्य असलेल्या तिशीतल्या माणसावर अन्याय होत नाही का? होतो थोडा. पण त्याच्याकडे स्पर्धा आहेत, पदकं आहेत. त्याला आठवी दानही घाईने हवी असेल तर ती कशासाठी, हे विचारायला हरकत नाही.

मुलांबाबत पारंपरिक संघटनांचं एक बरं आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला बऱ्याच ठिकाणी ज्युनिअर ब्लॅक बेल्ट देतात आणि वय भरल्यावर पुन्हा परीक्षा घेतात. पालकांना हा अडथळा वाटतो, विशेषतः शाळेचा बारावीचा भार डोक्यावर असताना. बहुतेक मुलं तिथेच गळतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण पालक ज्या गोष्टीचा विचारच करत नाहीत ती म्हणजे स्वतः वर्गात उभं राहणं. क्रेगीबर्नसारख्या तरुण कुटुंबांच्या वस्तीत हॉलबाहेर गाडीत मोबाईल बघत बसलेले आई-बाप पस्तीस-चाळीस वर्षांचे असतात. वरच्या हिशेबाने आजपासून सुरू केलं तर साठीपर्यंत ते चौथी-पाचवी दान गाठू शकतात. आणि सहा-सहा महिने मुलाकडे राहायला येणारे आजी-आजोबा? जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ६७ ते ९३ वर्षं वयाच्या लोकांना कराटे शिकवून पाहिलं. स्मरणशक्तीत ठोस फरक दिसला नाही, पण मनाची उदासी कमी झाली. चमत्काराचा दावा नाही, हे या निष्कर्षाचं बळ आहे.

क्लास निवडताना मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. व्हिक्टोरिया राज्यात मुलांना शिकवणाऱ्याकडे ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तो दाखवा म्हणून सांगण्यात काही संकोच नको. शिक्षकाची दान सरकार तपासत नाही. ती कुठल्या संघटनेची, कोणत्या साली, कुणाच्या हातून मिळाली, हे आपणच विचारायचं. सोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: मोठ्यांच्या वर्गात पन्नाशीपुढचे किती जण नियमित येतात, आणि सेन्सेई स्वतः अजून कुणाकडे शिकायला जातात.