गुडघ्यामागची पाण्याची गाठ : चोळू नका, फोडू नका



आज फवारणीचा मेसेज नाही. परवा खुरपणी चालू असलेल्या एका प्लॉटवर गेलो होतो. तिथल्या काकूंनी गुडघ्यामागच्या लवणीतली गाठ दाखवली. लिंबाएवढी. म्हणाल्या, "सर, सुई टोचून फोडली तर जाईल का?" मी पिकाचा माणूस, डॉक्टर नाही. पण माझ्या आईला हेच झालं होतं. तेव्हा डॉक्टरांकडून जे समजलं ते सांगतो.

या गाठीला *बेकर सिस्ट* म्हणतात. विल्यम मोरंट बेकर या इंग्रज सर्जनने १८७७ मध्ये तिची माहिती लिहिली, त्यांचंच नाव पडलं. ही कॅन्सरची गाठ नव्हे. आत असतं ते गुडघ्याचंच वंगण.

सांध्यात थोडं चिकट पाणी कायम असतं. गुडघा झिजला, आतली गादी फाटली किंवा आमवात असला की ते जास्त तयार होतं आणि मागच्या एका छोट्या पिशवीत शिरतं. तिथे बऱ्याचदा आपल्या मोटारीच्या एनआरव्हीसारखा प्रकार असतो. पाणी पुढे जातं, मागे येत नाही. मग पिशवी फुगते. पाय ताठ करून उभं राहिलं की गाठ टणक लागते, गुडघा थोडा वाकवला की मऊ पडते.

म्हणून नुसतं पाणी काढून भागत नाही. डॉक्टर सुईने काढतात, पण मूळ गुडघ्याचा इलाज झाला नाही तर गाठ परत भरू शकते. लहान असेल, दुखत नसेल तर बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही. मात्र ती बेकर सिस्टच आहे हे एकदा तपासून घ्या. हाताला ठोके लागत असतील तर अजिबात दाबू नका, ती रक्तवाहिनीची फुगवटी असू शकते. घरी ब्लेड लावणं, डाग देणं तर नकोच. पायाची मोठी रक्तवाहिनी आणि नस तिथूनच जाते.

आता मुख्य गोष्ट. आईची गाठ एके दिवशी आतल्या आत फुटली. पोटरीत एकदम कळ, पाय सुजून लाल. शेजारच्या काकी कोमट तेल घेऊन चोळायला बसल्या. दवाखान्यात हे सांगितल्यावर डॉक्टर चिडलेच. कारण *पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी अशीच सुजते.* नुसतं बघून फरक कळत नाही, डॉपलर सोनोग्राफी करावी लागते. गुठळी असली आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. आईच्या पायात गुठळी निघाली नाही, सूज काही आठवड्यांत उतरली. पण ती रात्र आम्ही कशी काढली ते आम्हालाच माहीत.

👉 एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखली : त्याच दिवशी दवाखाना.
👉 सोबत दम लागला, छातीत दुखलं : लगेच १०८.
👉 गुडघा लाल, गरम आणि ताप : तेही त्याच दिवशी.

गुडघा दुखणाऱ्यांनी खुरपणीला उकिडवं बसणं कमी करा. छोटं स्टूल घ्या, जमेल तिथे सायकल कोळपं चालवा.

त्या काकू सोमवारी तालुक्याला हाडांच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत. सोयाबीनचा मेसेज उद्या सकाळी नेहमीप्रमाणे येईल.

– तुमचा कृषी सल्लागार