दोरी ओढणाऱ्याचे आभार



हंगाम तोंडावर आला, की मिलची, बॉयलरची, गव्हाणीची दुरुस्ती निघते. या खेपेला आम्ही माणसांच्या मनातल्या एका दुरुस्तीविषयी लिहिणार आहोत. तिला स्टोअरमधून काहीच काढावे लागत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात फ्रेमाँट येथे जनरल मोटर्स कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. कामगारांची गैरहजेरी मोठी, साहेब आणि युनियन यांचे रोजचे भांडण. दंडक एकच : काही झाले तरी मोटारींची रांग थांबता कामा नये. समोरच्या गाडीत बोल्ट राहिलेला दिसला तरी बोलायचे नाही. गाडी तशीच पुढे जायची आणि मागाहून खोलून दुरुस्त करावी लागायची. 1982 साली कारखाना बंद पडला.

पुढे जपानच्या टोयोटा कंपनीने जनरल मोटर्सबरोबर भागी करून तोच कारखाना 1984 साली पुन्हा सुरू केला. गंमत अशी, की कामगार बहुतेक जुनेच घेतले. युनियनही तीच. काही जणांना जपानात नेऊन काम दाखवले. तिथे रांगेशेजारी एक दोरी टांगलेली. काही चुकले, की कामगाराने ती ओढायची. मुकादम धावत येणार आणि "कुणी ओढली रे?" असे न दरडावता "काय अडलं?" म्हणून विचारणार. वेळेत जमले तर ठीक, नाही तर रांग थांबणार. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे, तेही सगळे मिळून ठरवणार.

फ्रेमाँटला हीच रीत लावली. दोनेक वर्षांत तिथल्या गाड्या चांगल्या म्हणून गणल्या जाऊ लागल्या. माणसे तीच, हात तेच. फक्त भीती गेली होती. खुद्द जनरल मोटर्सला मात्र हा धडा आपल्या बाकीच्या कारखान्यांत न्यायला फार वर्षे लागली. दोरी बाजारात मिळते, ओढणाऱ्यावर न ओरडणारा साहेब मिळत नाही. 2009 साली त्या कंपनीने दिवाळे काढले. त्याला कारणे पुष्कळ होती. पण घरातला धडा घरात रुजला नाही, हेही खरेच.

आता आपल्याकडे बघू. भीती साथीसारखी पसरते. एकाला चारचौघांत झापले, की दहाजण गप्प बसतात. रात्रपाळीच्या फिटरला बेअरिंगचा आवाज बदललेला कळतो, पण "आपल्याला काय करायचंय?" म्हणून तो बिडी ओढायला जातो. तोडलेला ऊस फडात पडून वाळतोय, हे स्लिपबॉयला ठाऊक असते. सांगितले तर बोलणी त्यालाच. तिकडे शेतकऱ्याचे वजन घटते, इकडे कारखान्याचा उतारा पडतो. नुकसान दोघांचे, म्हणजे आपलेच.

वार्षिक सभेतही तेच. कुणी उताऱ्याविषयी विचारायला उठला, की मागून "बसा खाली!" आणि लगेच "मंजूर, मंजूर". पुढच्या वर्षी तो सभासद उठतच नाही. मग संचालकांना तरी कळणार कसे, की शिवारात काय चालले आहे?

आमचेही चुकले, ते कबूल करतो. या अंकात आम्ही आजवर विक्रमी गाळप आणि सत्काराचे फोटोच छापत आलो. मिल किती तास बंद राहिली आणि का, हे कधी छापले नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही.

म्हणून एवढेच सुचवतो. पाळी बदलताना पाच मिनिटे "आज काय चुकले" हे बोलावे आणि पहिले सांगणाऱ्याला कुणी रागावू नये. फडातले गाऱ्हाणे सभासदांनी गटाच्या ऑफिसात सांगावे, तिथल्या माणसाने ते लिहून घ्यावे. पुढच्या अंकापासून बंद तासांचा हिशेब आम्ही कारणासकट छापू.

दोरी आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. ओढणाऱ्याला आधी चहा पाजा, मग काय ते विचारा.