चालीला नाव कोण देते?

लोकगीताचे शब्द लिहून घेता येतात. पण 'या चालीचे नाव काय?' असे विचारले तर खेड्यातील कलावंत हसतो. म्हणून चालींना नावे नसतात, असा समज होतो. तो बरोबर नाही. नाव ठेवण्याची त्यांची रीत निराळी आहे, इतकेच.

प्रथम प्रकारांची नावे पाहू. आपल्या झाडीपट्टीतील 'खडी गंमत' उभे राहून करतात, म्हणून खडी. 'बैठकीची' आणि 'फडाची' लावणी हा भेद ती कोठे रंगते यावरून. 'भेदिक' हे नाव आशयावरून. कलगी-तुऱ्याच्या सवालजबाबांत ती ऐकू येते. डहाक्याची गाणी वाद्यावरून ओळखली जातात. 'बालेघाटी' हे नाव मुलुखाचे. पण ते उच्चारताच जाणकाराला विरहाची लावणी आठवते. म्हणजे गावाचे नाव भावाचे नाव झाले! पोलंडमध्येही असेच घडले. 'माझुर्का' हे नाव माझोविया प्रांतावरून आले आणि शोपँच्या पियानोतून जगभर गेले. 'ओबेरेक' मात्र गिरकी घेण्यावरून.

आता एकेका चालीकडे वळू. तिची ओळख जुन्या गाण्याच्या पहिल्या ओळीने होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) भजनांवर 'तर्ज' म्हणून दुसऱ्या गाण्याची ओळ छापलेली आढळते, ती याच रीतीने. ढोलकीवाल्याला तेवढे पुरते. ओळ कानी पडताच हात ठेक्यावर जातो.

आणखी एक रीत माझ्या घरातली. माझे आजोबा दंडारीत ढोलकी वाजवीत. चाल ज्याच्याकडून उचलली त्याचेच नाव ते तिला देत. पोलंडच्या खेड्यांतील फिडलवादकही अशीच नावे देतात, हे वाचून मला नवल वाटले. अशा नावात गुरूची आठवण असते. तेच त्या गुरूचे एकमेव स्मारक असते. त्याच्याविषयी दुसरे काहीच कोठे लिहिलेले नसते.

स्पर्धेच्या अर्जात या साऱ्यांना 'लोकनृत्य' किंवा 'लोकगीत' हा एकच रकाना मिळतो. सोयीसाठी तो असावा. पण रकाना म्हणजे नाव नव्हे. चाल मोबाईलमध्ये टिकेल. तिचे नाव मात्र विचारल्याशिवाय टिकणार नाही. म्हणून मित्रहो, सुटीत गावी गेल्यावर गाणे टिपून घ्याल, तेव्हा 'याला तुम्ही काय म्हणता?' हेही विचारा आणि सांगतील तोच शब्द लिहा. आमच्या घराण्यात लिहिता येणारा मी पहिलाच. तेव्हा हे काम मी टाळू शकत नाही.