विश्रामबागेतली पाठशाळा

बंद पडलेल्या गिरण्यांचे आणि कारखान्यांचे करायचे काय, हा प्रश्न पुण्याला आता नवा राहिलेला नाही. १८९३ साली उभ्या राहिलेल्या राजाबहादूर मिलच्या आवारात आज उपाहारगृहे आणि कचेऱ्या आहेत. अशा ठिकाणी एखादे धर्मविद्येचे महाविद्यालय भरवावे असे कोणी सुचवले, की बोलणे लगेच जागेवर येते: उजेड किती, भिंती कुठे घालायच्या, दुरुस्तीला किती लागेल. पुण्याने असा एक प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी, विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेच्या रूपाने, केला आहे. ती वास्तू कारखान्याची नव्हे, वाड्याची होती; पण ज्या कामासाठी बांधली ते काम संपल्यावर रिकामी उरली, एवढे साम्य पुरेसे आहे. त्या पाठशाळेचा इतिहास नीट पाहिला तर जागेचा प्रश्न त्यात सर्वांत सोपा होता असेच म्हणावे लागते.

दुसऱ्या बाजीरावाने विश्रामबागवाड्यावर दोन लाख रुपये आणि सहा वर्षे खर्ची घातली आणि तिथे तो जेमतेम अकरा वर्षे राहिला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८२१ च्या ऑक्टोबरात दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याने याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. चौकाभोवती सोपे, सोप्यांत खण. एकेका शास्त्र्याने आपले विद्यार्थी घेऊन बसायला ही रचना सोयीचीच. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आणि कोरीव सज्जा विलासासाठी घडवलेले, पण त्यांच्या मागे आता न्याय, व्याकरण, वेदान्त, ज्योतिष, धर्मशास्त्र यांचे पाठ सुरू झाले. पाठशाळा तगली ती मात्र दक्षिणेवर. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने ती एकदम तोडली नाही; कंपनीने रक्कम बरीच घटवली आणि उरलेल्यातला काही भाग पाठशाळेकडे वळवला. नाराज ब्राह्मणवर्गाला सांभाळण्याचे राजकारण त्यात होतेच. तरीही दानाचे रूपांतर शिक्षणाच्या निधीत झाले, आणि माझ्या मते वाड्याच्या रूपांतरापेक्षा ही घटना फार मोठी आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. सरकारी पैशावर जुनी शास्त्रे कशाला शिकवायची? राममोहन रॉय यांनी १८२३ मध्ये लॉर्ड ॲम्हर्स्टला पत्र लिहून कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजबद्दल हेच विचारले होते. त्यांना गणित, रसायन, शरीरशास्त्र हवे होते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: विश्रामबागेतले शिक्षण ब्राह्मणांपुरतेच होते. याच पाठशाळेतून कृष्णशास्त्री चिपळूणकर घडले हे खरे, पण एका थोर विद्यार्थ्याचे नाव घेऊन हा अन्याय झाकता येत नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर पुन्हा निधीकडेच यावे लागते. दक्षिणा ही राजाची मर्जी होती तोवर तिच्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नव्हता. ती सार्वजनिक पैसा झाली आणि भांडण शक्य झाले. १८४९ मध्ये सुधारकांनी अर्ज केला की या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांना द्या. सनातनी खवळले, आणि अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. १८५१ मध्ये पाठशाळा इंग्रजी शाळेत मिसळून पूना कॉलेज झाले. पुढच्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, कॉलेजचे प्राचार्य मेजर कँडी यांनी शिक्षणकार्याबद्दल जोतीरावांचा सत्कार केला, तो याच विश्रामबागवाड्यात. ज्यांच्या समाजाला इथे पाठ घेता आला नव्हता, त्यांना मानाची शाल इथेच मिळाली.

कॉलेज १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. तिच्यासाठी जमशेटजी जीजीभाईंनी मोठी देणगी दिली होती. वाड्याने १८७९ ची आग सोसली, नंतर १९५९ पर्यंत नगरपालिकेचा आणि महापालिकेचा कारभारही सांभाळला. येरवड्याला गेलेले तेच पूना कॉलेज, म्हणजे आजचे डेक्कन कॉलेज, आपले वय मोजते ते १८२१ पासून. त्याच्या आजच्या इमारतीचा पाया त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी घातला गेला.