अक्षरांची वानगी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत बहुधा बाजारभाव, करआकारणी, बारदान व वाहतूक ह्या विषयांवर लिहिले जाते. ह्या वर्षी मी किंचित निराळा विषय घेत आहे. तथापि तो व्यापाराबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. बालाघाट, वारासिवनी, कटंगी येथील आपल्या समाजबांधवांच्या घरांतून अलीकडे मुले-मुली ‘आम्ही ग्राफिक डिझायनर होणार’ असे सांगू लागली आहेत, आणि वडीलधारी मंडळी ‘म्हणजे पेंटरच ना?’ असे विचारून विषय संपवितात. माझ्या नातीमुळे हा प्रश्न आमच्या घरीही उपस्थित झाला. त्या निमित्ताने जे वाचले व जाणत्यांकडून ऐकले, ते येथे मांडीत आहे.

व्यापाऱ्यास ह्या कलेची ओळख नाही असे म्हणता येत नाही. आपली सारी पत ‘मार्क्या’वर उभी आहे. पत्र्याचा साचा पोत्यावर ठेवून काळ्या शाईचा बोळा फिरविला की जी अक्षरे उमटत, ती पाहूनच गोंदियाचा दलाल माल कोणाचा ते ओळखी. विलायती कापडाच्या ठाणांवर देवदेवतांच्या रंगीत चित्रांची तिकिटे चिकटविलेली असत. ज्यास वाचता येत नसे तो गिऱ्हाईकही चित्रावरून कापड ओळखून मागे. पुढे दुकानोदुकानी दिनदर्शिका आल्या. रघुवीर मुळगावकरांनी रंगविलेली देवादिकांची चित्रे कित्येक घरांत वर्ष संपल्यावरही भिंतीवरून उतरली नाहीत. मडगावी 1916 साली जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईस सर जे. जे. कलाशाळेत शिकले, त्यांनी असंख्य मराठी पुस्तकांची वेष्टने रंगविली आणि 1945 साली ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला. ही मंडळी आपले काम मागणीवरून करीत आणि त्याचे मोल घेत. मागणीवरून केले म्हणून त्या कामाची प्रतिष्ठा उणावली, असे कोणी म्हणू शकेल काय?

आता स्फूर्तीविषयी. तरुण मंडळींचा समज असा दिसतो की स्फूर्ती ही कोठूनतरी अवचित उतरते, अथवा दूरध्वनीच्या पडद्यावर इतरांची चित्रे पाहत बसल्याने लाभते. ह्या बाबतीत कमल शेडगे (1935–2020) ह्यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. मुंबईस ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कला विभागात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली आणि मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी शीर्षकांची अक्षरे काढली. जाहिरातीची जागा चार बोटांची, शाई काळी, कागद वर्तमानपत्राचा. चित्र घालण्यास वाव नाही. तेव्हा नाटकाचे नाव हेच चित्र झाले पाहिजे. ऐतिहासिक नाटकाची अक्षरे भारदस्त, प्रहसनाची डुलणारी, कौटुंबिक नाटकाची मृदू. नाव वाचण्यापूर्वीच वाचकास नाटकाचा बाज उमगे. ही स्फूर्ती कोठून आली? त्या नाटकातूनच! ज्या वस्तूसाठी काम करावयाचे ती वस्तू समजून घेणे, हाच ह्या धंद्यातील पहिला झरा होय असे माझे मत झाले आहे. आपणही तांदूळ पारखताना प्रथम तळहातावर घेतो, हुंगतो, दाताखाली धरतो. भाव मागाहून बोलतो.

दुसरे नाव प्रा. र. कृ. जोशी ह्यांचे. सर जे. जे. उपयोजित कला संस्थेतून 1956 साली ते बाहेर पडले, ‘उल्का’ ह्या जाहिरातसंस्थेत 1961 ते 1983 पर्यंत कलादिग्दर्शक होते, आणि नंतर मुंबईच्या आय. आय. टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात 1996 पर्यंत अध्यापन केले. 2008 साली ते निवर्तले. संगणकावरील ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच त्यांचाच. कित्येक वर्षे आपल्याकडे आलेली सरकारी पत्रे ह्याच अक्षरांत छापलेली असत, आणि आपण पत्रातील मजकुराने इतके त्रस्त असू की अक्षर कोणाचे हे पाहण्यास सवड कोणास! त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अच्युत पालव ह्यांनी मोडी लिपीचा अभ्यास केला आणि मोडी व देवनागरी ह्यांच्या मिलाफातून ‘मुक्तलिपी’ घडविली. 2025 साली पालवांस पद्मश्री मिळाली. जी मोडी आपण जुन्या दप्तरांत वाळवीच्या स्वाधीन केली, तिच्यातून एका माणसाने जन्मभराचे काम उभे केले.

म्हणूनच बालाघाटच्या मुलामुलींनी ‘येथे काय आहे?’ असे म्हणू नये. ज्या घरी भोसलेकालीन कागद उरले असतील त्यांनी ते तरुणांस दाखवावेत. बैहरकडे बैगा स्त्रियांच्या अंगावरील गोदण पाहावे. शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा गोंड तरुण आपल्या घरांच्या भिंतींवरील चित्रकलेच्या बळावर भोपाळच्या भारत भवनात पोहोचला आणि तेथून देशोदेशी गेला, हे ध्यानात ठेवावे. मात्र ती नक्षी उचलून कोणत्याही पुडीवर छापणे योग्य नव्हे. जिची आहे तिला नाव व मोबदला मिळाला पाहिजे. आपल्या ग्रंथभांडारांतील कल्पसूत्राच्या पोथ्याही पाहण्याजोग्या आहेत. ताडपत्रांना दोरी ओवण्यासाठी भोक असे. पुढे कागद आला, दोरीची गरज संपली, तरी लिहिणारांनी पानाच्या मध्यभागी ती जागा मोकळी राखली व तेथे नक्षी अथवा तांबडा ठिपका काढला. गरजेचा अलंकार कसा होतो ह्याचा इतका सुंदर दाखला मला अन्यत्र आढळला नाही. संगणकास आज्ञा केली असता तो आज क्षणात चित्र काढून देतो, असे मला दाखविण्यात आले आहे. देवो बापडा, परंतु हा ठिपका तेथे का आहे हे जो जाणतो, त्याच्या आज्ञेत व न जाणणाऱ्याच्या आज्ञेत अंतर राहणारच.

आता ज्यास ही मंडळी ‘पोर्टफोलिओ’ म्हणतात त्याकडे वळू. आपल्या भाषेत ती वानगी होय. वानगी कशी काढावी हे आडत्यास शिकविण्याची आवश्यकता नाही: परखी पोत्याच्या तोंडाशी न घालता पोटात घालावयाची. वर निवडलेले दाणे पसरून खाली कणी भरणारा एक हंगाम धंदा करतो, दुसऱ्या हंगामात त्याची पुडी कोणी उघडत नाही. तद्वत चाळीस-पन्नास कामे कोंबलेल्या वहीपेक्षा दहा-बारा कामांची वही बरी. प्रत्येक कामापाशी चार ओळी असाव्यात: गिऱ्हाइकाची अडचण काय होती, आधी कोणते आराखडे केले, ते का टाकले, शेवटी काय छापले गेले. कच्चे आराखडेही ठेवावेत, कारण काम देणारा हात व डोके दोन्ही पाहत असतो. चौघांनी मिळून केलेल्या कामात आपला वाटा किती, हे स्वच्छ लिहावे. कोणी काम दिलेच नसेल तर सरावासाठी स्वतः विषय घ्यावा, परंतु तो सराव आहे असे नमूद करावे. नाहीतर ती खोटी वानगी ठरेल. शेडग्यांनी उत्तरायुष्यात आपली अक्षरे ग्रंथरूपाने एकत्र केली. ‘माझी अक्षरगाथा’ हे त्यांचे पुस्तक घरातील तरुणांच्या हाती अवश्य द्यावे.

परंतु वानगी भरण्यास प्रथम माल लागतो. तो कोठून यावा? येथे आपला संबंध येतो, आणि येथेच मला समाजबांधवांशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदुळास 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा सुवास आपणांस ठाऊक आहे. पण बाहेरगावच्या दुकानात पुडीला नाक लावून कोण पाहतो? तेथे पुडीच बोलते. आजही आपल्यापैकी कित्येकांच्या पिशव्या छापखान्यातील तयार चित्रावर निघतात: तोच हिरवा शेतकरी, तोच बैल, तेच उगवते बिंब, आणि बासमतीच्या पिशवीवरून उचललेली लांब दाण्याची आकृती. चिन्नोर लांब दाण्याचा नाही! पिशवी एक सांगते, आतील माल दुसरेच. अशाने मानांकन कागदावर राहील, आणि आपल्या मालाची किंमत दुसऱ्याच्या मार्क्याखाली दुसराच वसूल करील.

हे काम येथील तरुणांस का देऊ नये? एका पेढीने (नाव घेणे उचित नव्हे) एका होतकरू मुलाकडून तीन नमुने करवून घेतले, ‘पाहून कळवितो’ म्हणून ठेवून घेतले, आणि त्यांतील एक दुसरीकडून छापून आणला. मुलगा नागपूरला गेला. आता तो तिकडच्या व्यापाऱ्यांची कामे करतो. हिशेबाने पाहिले तरी हा तोट्याचा सौदा झाला.

आमच्या पेढीने यंदा चिन्नोरच्या एक व पाच किलोच्या पिशव्यांचे काम वारासिवनीच्या एका तरुणास दिले आहे. नातीस दिले नाही, कारण घरच्या गिऱ्हाइकाचे काम वानगीत फारसे वजनदार ठरत नाही, असे तिनेच मला सांगितले. अटी अशा ठरल्या: अर्धा मेहनताना आगाऊ, दोन वेळा फेरबदल, तिसऱ्यास जादा आकार, न निवडलेले आराखडे त्याचे, छापलेले काम आपल्या वहीत दाखविण्याची त्यास मोकळीक, आणि पिशवीच्या तळाशी लहान अक्षरांत त्याचे नाव. शेवटच्या अटीस माझ्या भागीदारांनी प्रथम हरकत घेतली, परंतु शिवणीच्या वर अर्धा बोट जागा मोकळीच राहत होती. तरुणाने कामास हात घालण्यापूर्वी दोन किलो तांदूळ मागून नेला. बाजूच्या दुकानदारास त्याचे हसू आले. मला मात्र मुलगा धंद्याचा वाटला.