तालीम मास्तर गोविंद बल्लाळ देवल

नाटक कोणी लिहिले आणि त्यात कोण गायले, हे रसिकांच्या तोंडी राहते; ते बसविले कोणी, हे सहसा कोणी विचारीत नाही. मराठी संगीत रंगभूमीच्या पहिल्या पिढीत हे बसविण्याचे काम ज्यांनी केले, त्या गोविंद बल्लाळ देवलांविषयी या स्मरणिकेत चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. पांढुर्णा-सौंसरकडील वाचकांना ‘शारदा’ नाटकाचे नाव ठाऊक असते. त्याचे कर्ते आधी नट आणि मग तालीम मास्तर होते, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी असेल.

देवलांचा जन्म १८५५ चा. बालपण सांगलीजवळच्या हरिपुरात गेले, शिक्षण बेळगावास झाले आणि तेथे काही काळ त्यांनी शाळेत शिकविलेही. बेळगावीच अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास घडला व त्यांच्या नादाने देवल नाटकात शिरले. अण्णासाहेबांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यापूर्वीच्या पौराणिक खेळांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे पुष्कळदा ऐनवेळी सुचेल ते बोलत. आता ज्याचे पद त्यानेच गावयाचे आणि भाषण लिहिल्याबरहुकूम बोलावयाचे, अशी रीत पडली. गळा आहे पण बोलता येत नाही, बोलता येते पण पदाचा अर्थ कळत नाही, अशा नटांना शिकविणारा माणूस त्यामुळे हवाच झाला. देवल प्रथम नट म्हणून मंडळीत वावरले. १८८५ साली अण्णासाहेब वारले. पुढे नटांना शिकविणे हेच देवलांचे मुख्य काम होऊन बसले.

‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द. आमच्या घरच्या उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत तो पहिलवानांच्या आखाड्याला लागला आणि नाटकवाल्यांनीही उचलला. देवलांना ‘दिग्दर्शक’ म्हणण्यापेक्षा तालीम मास्तर म्हणणे आम्हास अधिक बरे वाटते, कारण त्यात मास्तर आहे.

हे काम किती अवघड होते, ते ‘वन्समोअर’वरून कळावे. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता, खेळ रात्र रात्र चालत आणि आवडलेले पद प्रेक्षक पुन्हा पुन्हा म्हणावयास लावीत. गाणारा खुलला की कथा जागच्या जागी उभी राही. शोक करणारी नायिका तिसऱ्यांदा तान घेऊ लागली की शोक कसला उरतो? देवलांनी यावरचा उपाय लेखणीतच योजिला असे आम्हास दिसते. त्यांची पदे आटोपशीर आणि घरातल्या बोलण्यासारखी सोपी आहेत. भाषण संपून पद कोठे सुरू झाले, याचा धक्का बसत नाही. पोरांच्या तोंडात शब्द कसा बसतो हे रोज पाहणाऱ्यालाच असे लिहिणे साधते.

त्यांच्या सात नाटकांपैकी सहा आधारलेली आहेत. ‘मृच्छकटिक’ शूद्रकावरून घेतले, ‘झुंझारराव’ शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’वरून. स्वतंत्र असे एकच, ‘शारदा’. त्याचा पहिला प्रयोग १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने इंदूर मुक्कामी केला. म्हणजे तो मान आजच्या मध्यप्रदेशाकडे येतो! म्हातारा श्रीमंत भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न करू पाहतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो आणि बाप कांचनभट पैशाच्या लोभाने कबूल होतो. या व्यवहारात सगळ्यांना विचारले जाते, मुलीला तेवढे नाही. भुजंगनाथाला नुसता विदूषक केला तर लोक हसून घरी जातील. तो आपल्याच गल्लीतला प्रतिष्ठित गृहस्थ वाटला पाहिजे. त्या भूमिकेची खरी परीक्षा येथे आहे.

१९२९ चा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून झाला, अशी एक समजूत आढळते. ती खरी नव्हे. तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाई. मुलीचे वय त्यात १४ ठरले होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीस १८ आणि मुलास २१ पुरी लागतात. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नववी-दहावीतली एखादी मुलगी वर्गात परत येत नाही, आणि तिचे ‘जमले’ असे मैत्रिणी हळूच सांगतात. म्हणून शाळेच्या संमेलनात ‘शारदे’तला एखादा प्रवेश बसवावा असा आमचा आग्रह असतो. आमची मुले घरी मराठी बोलतात आणि वर्गात हिंदी लिहितात. जुनी मराठी त्यांना जड जाते. मग आम्ही पदे बाजूस ठेवून आधी नुसती भाषणे वाचून घेतो. कांचनभटाचे वाक्य म्हणता म्हणता एखादा मुलगा मध्येच थांबतो आणि विचारतो, ‘सर, हा खरंच तिचा बाप आहे?’

१९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायण राजहंस दाखल झाले, तेच बालगंधर्व. त्यांच्या अभिनयाचे शिक्षण देवलांच्या हाताखाली झाले; गणपतराव बोडसही त्याच तालमीतले. १९१३ साली या दोघांनी गोविंदराव टेंब्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. एका जुन्या गद्य प्रहसनात पदे घालून देवलांनी ‘संशयकल्लोळ’ सिद्ध केले. १४ जून १९१६ रोजी ते वारले. त्याच वर्षी गंधर्व मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले आणि बोडसांचा फाल्गुनराव पाहून प्रेक्षक पोट धरधरून हसले.