जागच्या जागी भूल

पूर्ण भूल मोठी आणि जागेपुरती भूल छोटी, अशी उतरंड आपल्या मनात पक्की बसलेली असते. दाढ काढायची, गळू फोडायचे, टाके घालायचे म्हटले की ‘तेवढ्यापुरतं बधिर करतील’ म्हणून आपण निर्धास्त असतो. त्याच जातीचे औषध सिझेरियनसाठी पाठीत टोचायचे ठरले, की घरातल्या मोठ्यांच्या पोटात गोळा येतो. ही निर्धास्ती आणि ही धास्ती दोन्ही एकाच गैरसमजातून जन्मतात. बधिर करणाऱ्या औषधाचा गुण किंवा धोका नुसत्या औषधात नसतो. ते कुठे दिले, किती दिले आणि दिलेल्या जागी किती वेळ थांबले, यावर तो ठरतो.

याचे कारण औषधाच्या कामातच आहे. मज्जातंतूतून वेदनेचा संदेश विजेच्या लहरीसारखा धावतो आणि ही लहर उठते ती सोडियमचे कण तंतूत शिरल्यामुळे. लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध आणि त्याची भावंडे तंतूच्या आवरणातून आत जातात आणि सोडियमच्या वाटा आतून अडवतात. वेदना वाहणारे तंतू बारीक असल्याने आधी बधिर होतात, स्पर्श-दाबाचे जाड तंतू उशिरा. म्हणून दाढ उपटताना ओढ जाणवते, कळ येत नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते. तिथे औषधाचे रेणू आवरण ओलांडू शकत नाहीत आणि भूल नीट चढत नाही. पण सोडियमच्या अशा वाटा मेंदूत आणि हृदयातही आहेत. त्यामुळेच लिग्नोकेन मोजक्या मात्रेत शिरेतून दिले तर हृदयाचे काही घातक बिघडलेले ठोके ताळ्यावर आणते आणि मात्रा फार वाढली तर फिट आणते, हृदय थांबवूही शकते.

या औषधांचा इतिहास म्हणजे त्यांना जागेवर रोखून धरण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. ती बातमी अमेरिकेत पोचताच विल्यम हाल्स्टेड यांनी कोकेन थेट नसांजवळ टोचून पाहिले. प्रयोग साधले, पण स्वतःवर प्रयोग करता करता ते व्यसनात अडकले. 1898 मध्ये ऑगस्ट बीअर यांनी कोकेन मणक्यातल्या पाण्यात सोडले. पुढे हाइनरिश ब्राउन यांनी औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळले. त्याने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि औषध रक्तात हळूहळू जाते. 1905 च्या सुमारास व्यसन न लावणारे प्रोकेन आले, 1943 मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी आजही सर्रास वापरले जाणारे लिग्नोकेन घडवले. नंतरचे ब्युपिवाकेन तासन्‌तास टिकते. मात्र ते चुकून रक्तात गेले तर बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करणे फार अवघड जाते, हे 1979 पासून ठळकपणे पुढे आले. त्यावर उतारा सापडला तो अनपेक्षित ठिकाणी: शिरेतून पोषणासाठी देतात ते स्निग्ध पदार्थाचे पांढरे द्रावण. 1998 मध्ये गाय वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर त्याचा परिणाम दाखवला.

आता आकडे पाहू. साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोमागे सुमारे 4.5 मिलिग्रॅम, अ‍ॅड्रेनलिनसह 7. दोन टक्क्यांच्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे 50 किलोच्या माणसाला साधे औषध 11 मिलिलिटर चालेल, पण 10 किलोच्या मुलाची मर्यादा सव्वादोन मिलिलिटरलाच संपते. उलट, ज्या पाठीतल्या इंजेक्शनचा धसका घेतला जातो, त्यात ब्युपिवाकेन साधारण 10 मिलिग्रॅम असते. हाताच्या नसा बधिर करायला याच औषधाचे 100 मिलिग्रॅमही लागू शकतात. आणि ज्याला कुणी भूल म्हणतही नाही, त्या मलमाचे काय? लेझरने केस काढण्याआधी पायभर बधिर करणारे मलम चोपडून वरून प्लॅस्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी अमेरिकेत दगावल्या. 2007 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. सुई नव्हती, शस्त्रक्रिया नव्हती. झाकलेल्या त्वचेतून औषध रक्तात गेले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पाठीतल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर धरते. टोचलेली जागा काही दिवस दुखते आणि मणक्यातले पाणी झिरपून काहींना तीव्र डोकेदुखी होते, हे खरे. बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या सुयांनी ती बरीच कमी झाली आहे. मात्र प्रसूतीसाठी पाठीतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना केली, तेव्हा दीर्घकाळच्या कंबरदुखीत लक्षणीय फरक आढळला नाही. गरोदरपणात कमरेवर पडलेला ताण आणि नंतर बाळ उचलण्या-पाजण्याचे श्रम विसरले जातात, सुई तेवढी लक्षात राहते. दुसरा आक्षेप, ‘मला भूल चालत नाही’ हा. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी अतिशय दुर्मीळ आहे. पुष्कळदा जिला अ‍ॅलर्जी समजले जाते, ती भीतीने आलेली भोवळ किंवा अ‍ॅड्रेनलिनची धडधड असते. तरी तपासाविना ही तक्रार खोटी ठरवू नये. तिसरा आक्षेप रास्त आहे: सगळे काम जागेपुरत्या भुलीवर भागत नाही. छातीची वा लांबलेली शस्त्रक्रिया, स्वस्थ न राहणारे मूल, रक्त न गोठण्याचा विकार असे प्रसंग वेगळा निर्णय मागतात.

म्हणून ‘छोटी की मोठी’ हा प्रश्नच सोडून द्यावा. आपले वजन, हृदय-यकृताचे आजार, चालू औषधे आणि आधी भूल घेताना झालेला त्रास डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगावा. टोचल्यावर ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात आवाज जाणवला तर लगेच बोलावे. औषध रक्तात पोचत असल्याच्या या पहिल्या खुणा आहेत. पूर्ण भुलीतला रुग्ण त्या सांगू शकत नाही. इथे मात्र तो जागा असतो आणि त्याचे बोलणे हीही सुरक्षेची एक व्यवस्थाच असते.